सहभागी अभिकल्प

वस्तू, वास्तू, यंत्र, संगणकीय प्रणाली किंवा सार्वजनिक सेवा यांचा अभिकल्प (रचनेचा आराखडा) ठरविताना त्यांचा प्रत्यक्ष उपयोग करणाऱ्या लोकांना निर्णयप्रक्रियेत सामील करून घेण्याच्या पद्धतीस ‘सहभागी अभिकल्प’ म्हणतात. लोकांच्या गरजा, सवयी, कामाची परिस्थिती आणि अडचणी यांचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या अभ्यासास ‘वापरसंशोधन’ असे नाव आहे. या दोहोंचा उल्लेख पुष्कळदा जोडीने केला जातो. तथापि त्यांच्यात महत्त्वाचा भेद आहे. वापरसंशोधनात अभ्यासक लोकांविषयी माहिती मिळवितो आणि निर्णय अभिकल्पक किंवा त्याला काम देणारी संस्था घेते. सहभागी अभिकल्पात निर्णयाचा काही वाटा लोकांकडे जातो. हा वाटा किती असतो आणि कामाच्या कोणत्या टप्प्यावर मिळतो, यावर सहभाग खरा की नावापुरता हे ठरते. इतकेच नव्हे, तर लोकांच्या कोणत्या गरजा उजेडात येतात हेही बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

गरजेचे स्वरूप : गरज ही विचारताक्षणी सांगता येण्याजोगी गोष्ट क्वचितच असते. अनेक कौशल्ये हाताच्या व डोळ्यांच्या सवयीत असतात आणि ती शब्दांत मांडण्याचा प्रसंग माणसावर सहसा येत नाही. दीर्घकाळ सोसलेली गैरसोय ही गैरसोय म्हणून जाणवेनाशी होते. शिवाय विचारणारा अधिकारी किंवा परका असल्यास त्याला रुचेल असे उत्तर देण्याकडे कल असतो. लोक पुष्कळदा गरज न सांगता त्यांना ठाऊक असलेला उपाय सांगतात. ‘नळ हवा’ या मागणीमागे वेळेची बचत, पाण्याची शुद्धता, रांगेतील भांडणे टाळणे किंवा पाणवठ्यावर होणाऱ्या जातिभेदापासून सुटका यांपैकी काहीही असू शकते. उलटपक्षी, नुसत्या निरीक्षणाने कृती दिसते, तिचा हेतू दिसत नाही.

या गुंतागुंतीचे परिचित उदाहरण म्हणजे बिनधुराची चूल. भारतात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्र शासनाने तो आवरता घेतला. या काळात कोट्यवधी चुली बसविण्यात आल्या. परंतु त्यांतील पुष्कळशा थोड्याच वर्षांत मोडल्या किंवा अडगळीत पडल्या. इंधनाची बचत आणि धुराचा निचरा या दोन कसोट्यांवर त्यांची परीक्षा झालेली होती व त्या कसोट्या चुकीच्या नव्हत्या. परंतु चुलीचे काम पाण्याला आधण आणण्यापुरते नसते. तव्यावरची भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर शेकावी लागते, वैलावर कालवण ठेवलेले असते, पावसाळ्यात ओले सरपण चुलीच्या कडेला वाळत असते, थंडीत घरातील म्हातारी माणसे तिच्यापाशी बसतात आणि पाहुणे आले की नेहमीपेक्षा मोठे पातेले चढवावे लागते. चुलीचे तोंड अरुंद केले की लाकडे बारीक फोडावी लागतात आणि ते श्रमही स्वयंपाक करणाऱ्या बाईवरच पडतात. धुराड्यातील काजळी कोणी व कशी काढावयाची हा प्रश्न निराळाच. यांपैकी कोणतीही बाब गुप्त नव्हती. पण ती ठरविणाऱ्यांच्या कसोट्यांत नव्हती.

पूर्वपीठिका : यंत्रयुगापूर्वी वस्तू बनविणारा व वापरणारा यांच्यात फारसे अंतर नव्हते. गावच्या सुतारास कोणाची जमीन काळी व कोणाची मुरमाड आहे, कोणाचे बैल किती उंचीचे आहेत हे ठाऊक असे; औत जड जात असल्यास शेतकरी ते दुसऱ्याच दिवशी परत आणीत असे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण त्याच गावगाड्यात कित्येकांना आपली गरज बोलून दाखविण्याचीही मुभा नव्हती. तथापि कारखानदारीमुळे आराखडा करणारा, तो प्रत्यक्षात आणणारा आणि वापरणारा हे तिघे एकमेकांपासून दुरावले आणि लोकांच्या गरजांची माहिती मिळविणे हे स्वतंत्र काम होऊन बसले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कामास शास्त्रीय वळण मिळाले. अमेरिकेच्या ‘बी-१७’ या बाँबफेकी विमानाचे वैमानिक जमिनीवर उतरल्यानंतर पंखांवरील झडपा मिटण्याऐवजी विमानाची चाके आत ओढून घेत व विमान पोटावर आदळे. हा वैमानिकांचा निष्काळजीपणा आहे, असे आरंभी मानले जाई. मानसशास्त्रज्ञ ॲल्फॉन्स चापानिस (१९१७–२००२) यांनी दाखवून दिले की, दोन्हींच्या कळा शेजारीशेजारी व दिसावयास सारख्या होत्या. एका कळीवर रबरी चाक आणि दुसरीवर पाचरीच्या आकाराचा तुकडा बसविताच, न पाहतासुद्धा हाताला फरक कळू लागला. दोष माणसाचा नसून रचनेचा असू शकतो, हा विचार येथून रुजला व त्यातून मानवी घटक अभियांत्रिकी ही शाखा वाढली. युद्धानंतर अमेरिकन अभिकल्पक हेन्री ड्रायफस (१९०४–७२) यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मानवी शरीराची मापे व सवयी यांना अभिकल्पाचा पाया मानले. भारत शासनाच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने १९५८ मध्ये सादर केलेल्या अहवालात लोट्याच्या आकाराचे प्रसिद्ध विवेचन आहे. पाणी किती मावावे, भांडे डोक्यावर की कमरेवर घ्यावयाचे, ते घासावयाचे कसे, असे प्रश्न त्यात मांडलेले आहेत. त्याच अहवालाच्या प्रेरणेने अहमदाबाद येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली.

या सर्व प्रयत्नांत माणूस हा अभ्यासाचा विषय होता. निर्णयातील भागीदार नव्हता. भागीदारीची मागणी प्रथम नगररचनेच्या क्षेत्रात जोराने पुढे आली. पाश्चात्त्य शहरांतील जुन्या वस्त्या पाडून नव्या उभारण्याच्या योजनांना १९६० नंतर रहिवाशांकडून विरोध होऊ लागला. मँचेस्टर येथे १९७१ मध्ये ‘अभिकल्पातील सहभाग’ या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरातील बायकर या कामगार वस्तीच्या पुनर्रचनेचे काम वास्तुशिल्पज्ञ रॅल्फ अर्स्किन (१९१४–२००५) यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी वस्तीतच, अंत्यविधीचे सामान पुरविणाऱ्याच्या जुन्या दुकानात, आपली कचेरी थाटली. तेथे कोणीही येऊन आराखडे पाहू शके. या वसाहतीच्या वास्तुशिल्पाची वाखाणणी झाली. परंतु काम वर्षानुवर्षे चालल्यामुळे मूळ रहिवाशांपैकी मोठा भाग दरम्यान दुसरीकडे विखुरला गेला होता.

स्कँडिनेव्हियातील प्रयोग : ‘सहभागी अभिकल्प’ या संज्ञेस आजचा विशिष्ट अर्थ प्राप्त झाला तो नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या देशांतील कामगार संघटनांच्या प्रयत्नांमुळे. कारखान्यांत संगणक आल्यास कामाची गती, पाळ्या व देखरेख यांवरील कामगारांचे नियंत्रण जाईल, ही भीती १९७० च्या सुमारास तेथे व्यक्त होऊ लागली. नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघाने नॉर्वेजियन संगणन केंद्रातील क्रिस्टेन न्यूगोर (१९२६–२००२) यांचे साहाय्य घेतले. न्यूगोर हे ‘सिम्युला’ या संगणकीय भाषेच्या दोन जनकांपैकी एक होत. कारखान्यांतील प्रणालींचा अभ्यास करून तज्ञांनी संघास अहवाल द्यावा, अशी मूळ योजना होती. लवकरच असे दिसून आले की, अहवाल कितीही चांगला असला, तरी तो वाचून कामगारांची शक्ती वाढत नाही. म्हणून योजना बदलण्यात आली. स्थानिक शाखांनी आपल्याच कारखान्यातील प्रश्न निवडून त्यांचा अभ्यास करावा आणि संघटनेने केलेली कृती हेच संशोधनाचे फलित मानावे, असे ठरले. तज्ञांचे काम शिकविण्याचे व साहाय्याचे राहिले. त्यातून कामगारांसाठी पाठ्यपुस्तके तयार झाली आणि नवी प्रणाली आणण्यापूर्वी कामगारांना माहिती देण्याचे बंधन घालणारे करार मालकांशी झाले. नॉर्वेच्या १९७७ च्या कार्यपर्यावरणविषयक कायद्यात हे तत्त्व समाविष्ट झाले. [→ कामगार चळवळ].

या करारांमुळे वाईट प्रणालीस नकार देण्याचे बळ आले. पण चांगली प्रणाली कशी असावी, हे सांगण्याचे साधन मिळाले नाही. बाजारात मिळणारी यंत्रे व्यवस्थापनाच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून घडविलेली होती आणि निवड त्यांतूनच करावी लागे. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला. उत्तर युरोपीय मुद्रण कामगारांचा संघ आणि स्वीडन व डेन्मार्कमधील संशोधक यांनी मिळून वृत्तपत्राची पाने संगणकावर लावण्याची प्रणाली कामगारांच्या दृष्टीने रचावयाची, असा तो प्रकल्प होता. पेले एन, सुसान बोडकर व मॉर्टन क्यूंग हे त्यातील प्रमुख संशोधकांपैकी होत. शिशाचे खिळे जाऊन प्रकाशजुळणी आलेली होती. जुळाऱ्यांचा धंदा डोळ्यांदेखत बदलत होता आणि पाने लावण्याचे काम संपादकीय विभागाकडे सरकण्याची चिन्हे होती. त्यामुळे प्रश्न केवळ यंत्राच्या सोयीचा नव्हता, एका कसबाच्या भवितव्याचा होता.

आरंभी संशोधकांनी आपल्या नेहमीच्या रीतीप्रमाणे कामाचे प्रवाहचित्र काढून कामगारांपुढे ठेवले. कामगार सौजन्याने माना डोलवीत, पण त्यातून चर्चा पुढे सरकत नसे. चौकटी व बाण ही संशोधकांची भाषा होती. मग त्यांनी पुठ्ठ्याची खोकी, लाकडी फळ्या व कागद यांपासून भावी कार्यस्थानाची पूर्णाकृती नमुनाकृती उभी केली. पडद्याच्या जागी कागदावर काढलेली चित्रे लावली आणि एका रिकाम्या खोक्यावर ‘लेसर मुद्रक’ असे लिहून ते बाजूस ठेवले. त्या काळी असा मुद्रक सर्वसामान्य मुद्रणालयात दिसत नसे. आता कामगार त्या खोट्या यंत्रापुढे बसून खरे पान लावू लागले आणि काम करताकरता ‘येथे मला सगळे पान दिसले पाहिजे’, ‘ही पट्टी हाताशी हवी’ अशी बोलणी सुरू झाली. वृत्तपत्राचे संपूर्ण पान त्या काळच्या पडद्यावर वाचण्याजोग्या आकारात मावत नसे. म्हणून संपूर्ण पानाचा तोल आणि एखाद्या मथळ्याचा बारकावा या दोहोंकडे आलटूनपालटून पाहण्याची सोय किती महत्त्वाची आहे, हे अशा प्रयोगांतून स्पष्ट झाले. पुठ्ठ्याचा आणखी एक गुण होता. तो कोणीही कात्रीने कापू शकत असे. त्यासाठी तज्ञाची परवानगी लागत नसे.

प्रकल्पातील काही कल्पनांची चाचणी स्टॉकहोमच्या ‘आफ्टनब्लाडेट’ या दैनिकात झाली. मात्र संबंधित उत्पादन बाजारात यशस्वी झाले नाही. प्रकल्पाचा ठसा राहिला तो पद्धतीवर. नंतरच्या समीक्षकांनी एक मर्मभेदक प्रश्न उपस्थित केला : मुद्रण कामगार हे कुशल, संघटित व बहुतांशी पुरुष होते, ज्यांच्या कामास कसब म्हणूनच मान्यता नाही त्यांचे काय? नॉर्वेत याच दशकात परिचारिकांबरोबर झालेला ‘फ्लॉरेन्स’ प्रकल्प या दृष्टीने लक्षणीय आहे. ग्रो ब्यर्कनेस व टोने ब्राटेटाइग या संशोधिकांनी रुग्णकक्षातील कामाचा दीर्घकाळ अभ्यास केला. परिचारिकांना मोठी प्रणाली नको होती. पाळी बदलताना रुग्णांविषयीची नेमकी माहिती देणारा, खिशात ठेवता येण्याजोगा छापील कागद हवा होता आणि प्रणाली तो कागद तयार करण्यासाठी रचण्यात आली.

हातपंपाचे उदाहरण : वापरसंशोधन व सहभाग यांतील फरक भारतीय हातपंपाच्या इतिहासात स्पष्टपणे दिसतो आणि त्या इतिहासाचा आरंभीचा भाग महाराष्ट्रात घडला आहे. कठीण खडकात विंधन विहिरी खोदण्याचा कार्यक्रम १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘युनिसेफ’च्या साहाय्याने वाढला. विहिरींवर बसविलेले बिडाचे पंप मात्र पाश्चात्त्य देशांतील शेतघरांवर असणाऱ्या पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबाने दिवसातून काही वेळा वापरावयाचा पंप येथे शेकडो लोकांसाठी पहाटेपासून रात्रीपर्यंत चाले. खिळी झिजत, दांडे मोडत. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास झालेल्या पाहणीत मोठ्या संख्येने पंप बंद आढळले. विहीर होती, पाणी होते, पण ते वर येत नव्हते.

जालना व सोलापूर येथील मिशनांच्या विहीर प्रकल्पांतील कारागिरांना ही दुरुस्ती रोज करावी लागत असे. त्यांनी बिडाऐवजी पोलादी बनावटीचे माथे, एकाच ठिकाणी फिरणारा भक्कम दांडा आणि पंपाची सळई सरळ रेषेत ओढणारी साखळी अशा सुधारणा घडविल्या. सोलापूरच्या पंपाची रचना पुढे आधारभूत मानून, मद्रासच्या शासकीय संशोधन संस्थेच्या व कारखान्याच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क २’ हा पंप तयार झाला. कोईमतूर परिसरात त्याच्या क्षेत्रीय चाचण्या झाल्या आणि १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. पंपाचा अभ्यास तो जेथे मोडतो तेथे करावा, हे यातील मुख्य सूत्र होते आणि ते यशस्वी ठरले. हा पंप पुढे आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांत गेला.

तथापि ‘पंप मोडू नये’ ही एक गरज आणि ‘मोडल्यास आम्हाला दुरुस्त करता यावा’ ही दुसरी. पहिली अभियंत्याच्या नजरेतून दिसते, दुसरी गावाच्या. मार्क २ पंपाच्या दट्ट्यावरील चामड्याची चकती बदलावयाची झाल्यास विहिरीतील सर्व नळ वर काढावे लागत. त्यासाठी तिपाई, जड हत्यारे, तीन-चार माणसे आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणारे वाहन लागे. चकतीची किंमत किरकोळ. पण तेवढ्यासाठी पाणवठा कित्येक दिवस बंद राही. १९८० नंतरच्या दशकात गावपातळीवर चालविता व दुरुस्त करता येईल अशा पंपाचा विचार पुढे आला आणि कोईमतूर भागातील चाचण्यांतून ‘मार्क ३’ हा प्रकार निघाला. त्यात नळाचा व्यास वाढविल्यामुळे नळ जागेवर ठेवूनच दट्ट्या वर काढता येतो. रुंद नळामुळे पंपाची किंमत व वजन वाढले आणि फार खोल विहिरींस तो सोयीचा राहिला नाही, ही त्याची दुसरी बाजू. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात ‘महिला समाख्या’ कार्यक्रमाखाली ग्रामीण स्त्रियांना हातपंप दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले. पाणी भरण्याचा भार ज्यांच्यावर होता, त्यांच्याच हाती पाने आले. हे काम स्त्रियांना झेपणार नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

मुंबई व पुणे येथील प्रयोग : भारतीय शहरांत सहभागाचा प्रश्न प्रामुख्याने निवारा व स्वच्छता यांच्या संदर्भात उद्‌भवला. मुंबईच्या भायखळा भागातील पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांची गणना ‘स्पार्क’ या संस्थेने १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर ‘महिला मिलन’ ही तेथील स्त्रियांची संघटना उभी राहिली. या स्त्रियांनी स्वतःच्या भावी घरांचे आराखडे मांडले आणि लाकडी सांगाडा व कापड यांची पूर्णाकृती घरे उभारून प्रदर्शने भरविली. सुमारे १४ फूट उंचीची खोली व तीत माळा ही त्यांची पसंती होती. कारण लहानशा जागेत झोपणे, स्वयंपाक आणि घरबसल्या चालणारे काम यांची विभागणी त्यामुळे साधे. कागदावरील नकाशा ज्यांना वाचता येत नाही, त्यांना घरात शिरून ‘येथे मोरी नको’ असे सांगता येते. स्टॉकहोमच्या पुठ्ठ्याच्या खोक्याशी या कापडी घराचे असलेले नाते ध्यानात घेण्याजोगे आहे. दोन्ही गोष्टी एकाच दशकात, एकमेकींचा संबंध नसताना घडल्या.

पुणे महानगरपालिकेने १९९९ मध्ये झोपडपट्ट्यांत सामुदायिक शौचालये बांधण्याचे व ती चालविण्याचे काम स्वयंसेवी संस्थांकडे सोपविले. १९९९ ते २००१ या काळात चारशेहून अधिक शौचालये उभी राहिली. रहिवासी, विशेषतः स्त्रिया, यांच्या अनुभवावरून त्यांच्या रचनेत काही बदल झाले. स्त्री-पुरुषांची प्रवेशद्वारे व रांगा वेगळ्या झाल्या, पाण्याच्या टाक्या मोठ्या झाल्या आणि देखभाल करणाऱ्याच्या कुटुंबास राहण्यासाठी तेथेच खोली देण्यात आली. सर्वांत बोलका बदल मुलांच्या शौचालयांचा होय. सकाळच्या घाईत रांगेतील मोठी माणसे मुलांना मागे सारीत आणि मुले उघड्यावर बसत. शिवाय मोठ्यांच्या भांड्याची व अंधाऱ्या खोलीची त्यांना भीती वाटे. म्हणून मुलांसाठी लहान भांडी व धरावयास दांडे असलेली निराळी, उघडी जागा ठेवण्यात आली. मुले उघड्यावर बसतात, हे महापालिकेच्या नोकरांस दिसतच होते. ती का बसतात, हे त्यांच्या आयांना माहीत होते. [→ गलिच्छ वस्त्या].

संशोधनाच्या पद्धती : मुलाखत व प्रश्नावली ही सर्वपरिचित साधने होत. प्रश्नावलीमुळे ज्ञात गोष्टींचे प्रमाण कळते. ज्या गोष्टीची कल्पनाच नाही तिचा प्रश्न प्रश्नावलीत येत नाही. मुलाखतीत ‘तुम्ही साधारणपणे काय करता’ असे विचारण्यापेक्षा ‘काल काय केले’ असे विचारणे अधिक फलदायी असते. कामाच्या जागी बसून, काम चालू असताना, उमेदवाराने वस्तादाकडे पाहावे तसे पाहत प्रश्न विचारण्याची पद्धत कॅरन होल्ट्झब्लाट व ह्यू बायर यांनी सुघटित केली. लूसी सचमन यांनी अमेरिकेतील ‘झेरॉक्स’ कंपनीच्या संशोधन केंद्रात केलेला छायाप्रतयंत्राचा अभ्यास (ग्रंथरूपाने प्रसिद्ध १९८७) प्रसिद्ध आहे. दोन व्यक्तींना मिळून यंत्र वापरावयास दिल्यामुळे त्या एकमेकींशी बोलत आणि त्यांचा गोंधळ ऐकू येई. यंत्राची समजूत व माणसांची समजूत कोठे फारकत घेतात, हे त्या चित्रीकरणातून उघड झाले.

जेथे थेट निरीक्षण आगाऊपणाचे वाटेल तेथे वेगळ्या युक्त्या योजतात. विल्यम गेव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील तीन ठिकाणच्या वृद्धांना टपालपत्रे, नकाशे, छायाचित्रक व वही असा संच देऊन आपले जीवन आपल्या परीने टिपण्यास सांगितले (१९९९). जर्मन लेखक रोबेर्ट युंक यांनी प्रचारात आणलेल्या भविष्यवेधी कार्यशाळेत प्रथम तक्रारी, नंतर निर्बंध झुगारून केलेल्या कल्पना व शेवटी त्यांतील साध्य गोष्टी असा क्रम असतो. ग्रामीण भागात रॉबर्ट चेंबर्स यांच्या लेखनामुळे परिचित झालेली सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाची पद्धत भारतात १९९० च्या सुमारास रूढ झाली. गावकरी जमिनीवर रांगोळी, बिया व खडे यांनी गावाचा नकाशा काढतात आणि चुकलेली विहीर दुसरा कोणी पुसून योग्य जागी मांडतो. तयार नमुन्याच्या चाचणीसाठी फार माणसे लागत नाहीत. पाच-सहा व्यक्तींना वापरताना पाहिले, तरी ढोबळ दोषांपैकी पुष्कळसे आढळून येतात. मात्र ही संख्या दोष शोधण्यासाठी पुरेशी आहे, समाजाच्या गरजा ठरविण्यासाठी नव्हे. ही मर्यादा व्यवहारात बरेचदा विसरली जाते.

सहभागाच्या पायऱ्या व आक्षेप : अमेरिकन अभ्यासिका शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांची दिशाभूल व समजूत घालणे, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, सल्ला घेणे व तोंडदेखला मान देणे, आणि वर भागीदारी, अधिकारांचे प्रदान व नागरिकांचे नियंत्रण असा तिचा क्रम आहे. शिडीच्या या रूपकावर पुढे टीका झाली, कारण प्रत्येक कामात सर्वांत वरची पायरी गाठणे शक्य किंवा इष्ट असतेच असे नाही. तरीही एखाद्या योजनेची जागा या शिडीवर कोठे आहे, हा प्रश्न विचारण्याची सोय तिने करून दिली.

सहभागाविरुद्धचे आक्षेप दोन बाजूंनी येतात. वेळ व खर्च वाढतो, तज्ञाची जबाबदारी पातळ होते, लोक परिचित गोष्टीच मागतात, असे एका बाजूचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. मात्र न वापरल्या गेलेल्या बांधकामांचा खर्च या हिशेबात सहसा धरला जात नाही. दुसऱ्या बाजूचा आक्षेप अधिक गंभीर आहे. बिल कुक व उमा कोठारी यांनी २००१ मध्ये संपादित केलेल्या लेखसंग्रहात सहभाग हीच एक नवी जुलूमशाही होत आहे काय, असा प्रश्न केला. सभेत बोलतो तो बहुधा गावातला वजनदार माणूस असतो. बाकीच्यांचे मौन संमती म्हणून नोंदले जाते. रोजंदारी बुडवून आलेल्या बाईचे श्रम खर्चाच्या तक्त्यात दिसत नाहीत. निर्णय आधीच झालेला असतो आणि सभा त्यावर शिक्का मारण्यापुरती उरते. एकाच वस्तीची वारंवार पाहणी होते, पण निष्कर्ष वस्तीस कधी कळविले जात नाहीत. म्हणून संमती घेणे, सहभागासाठी मोबदला देणे, स्त्रिया व दुर्बल गट यांच्या स्वतंत्र बैठका घेणे आणि सुचविलेल्या गोष्टींपैकी काय स्वीकारले व काय का नाकारले हे कळविणे, हे या क्षेत्रातील नीतिनियम मानले जातात.

संगणकीय प्रणालींच्या उद्योगात वापरसंशोधन हा आता स्वतंत्र व्यवसाय बनला आहे. परस्परक्रियात्मक प्रणालींच्या मानवकेंद्री अभिकल्पासाठी आंतरराष्ट्रीय मानक १९९९ मध्ये निघाले. त्याची जागा २०१० मध्ये नव्या मानकाने घेतली व २०१९ मध्ये त्यात सुधारणा झाली. एखाद्या सेवेच्या लाखो ग्राहकांपैकी निम्म्यांना एक रूप व उरलेल्यांना दुसरे दाखवून कोणते अधिक चालते, हे त्यांच्या नकळत मोजणे सोपे झाले आहे. अशा मोजणीतून लोक काय करतात हे कळते, का करतात हे कळत नाही. आणि ‘अधिक चालते’ याचा अर्थ धंद्याला अधिक किफायतशीर असाच पुष्कळदा असतो. सहभागी अभिकल्पाची आंतरराष्ट्रीय परिषद १९९० मध्ये सिॲटल येथे प्रथम भरली आणि तेव्हापासून ती दर दोन वर्षांनी भरत आली आहे. भारतात या विषयाचे अध्यापन अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत, तसेच मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात केले जाते. विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी खेड्यात किंवा वस्तीत काही काळ घालविणे हा तेथील शिक्षणाचा भाग आहे. अशा प्रकल्पांचा कालावधी ठरलेला असतो; तो संपल्यावर मागे राहिलेल्या नमुन्याची देखभाल कोण करणार, हे आरंभीच ठरविले गेले नसल्यास हातपंपाच्या चकतीचीच अडचण तेथे नव्या रूपात पुढे येते.